दहा हातांवरची बुजरी

परवा दुपारी आमच्या दारात जे घडलं त्याने मी अजून हबकलेली आहे. दोन दिवसांत आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि पनवेलात ज्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते तिथे एका गृहस्थांचा डाव्या डोळ्याचा नंबर मी उजव्यासमोर लिहिला. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, तुमचेच डोळे एकदा तपासून घ्या." एरवी मी असल्या बोलण्याला सडेतोड उत्तर दिलं असतं. या वेळी मात्र मुकाट नंबर खोडून नीट लिहिला, कारण त्या माणसाचं खरंच होतं.

घडलेलं सांगतेच, पण त्याआधी आगोट सांगायला हवी. त्याशिवाय मांजर कळणार नाही, आणि मांजराशिवाय परवाचं काही कळणार नाही.

आमच्याकडे पावसाच्या चार महिन्यांसाठी सुक्या मासळीची जी बेगमी करतात तिला आगोट म्हणतात. वैशाखाचं ऊन तापलं की पनवेलशेजारच्या आमच्या करंजाड्याच्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. त्यांवर बारीक जवळा, कोलंबीचे सोडे, बोंबील. विकत आणलेला जवळा तसाच डब्यात भरायचा नसतो. तो चाळायचा, त्यातली वाळू नि शिंपल्यांचा चुरा निवडायचा, दोन दिवस कडकडीत ऊन दाखवायचं आणि मगच झाकण लावायचं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारं जोडपं या पंधरवड्यात खिडक्या लावून घेतं. समोर भेटले की नाकाला रुमाल लावून गोड हसतात. मी पनवेल शहरातली, पोस्टमनची मुलगी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही तो वास सोसवत नव्हता. बावीस वर्षं झाली. आता तो वास आला नाही तर वर्षात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

यंदाही गच्चीवर जवळा पसरला आणि नाकाने मला सरळ मागे नेलं, आमच्या गावातल्या शेवटच्या आगोटीत.

ते गाव आता नाही. विमानतळाला जागा गेली आणि गाव उठलं. आमची चूल नेमकी कुठे आली असेल, धावपट्टीखाली की गाड्या लावायच्या जागेखाली, यावर माझे यजमान दिनेशराव आणि त्यांचे मित्र अजून तावातावाने वाद घालतात. डोक्यावरून विमान गेलं की मुलं धावत गच्चीच्या कठड्याशी जातात. माझ्या सासूबाई मान वर करत नाहीत. जवळा निवडत असल्या तर निवडत राहतात.

सासूबाईंना मी आई म्हणते. गाव त्यांना काशीबाई म्हणायचं. बांध्याने लहान, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं, आणि बोलणं असं की समोरच्याने दोन पावलं मागेच सरावं. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या माघारी भातशेती, मिठागरातला वाटा आणि आम्ही सगळे, हे त्यांनी एकटीने रेटलं. लाड कुणाचे नाहीत, माझे नाहीत, नातवंडांचे नाहीत. मांजरांचे तर नाहीतच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांजराने पाय ठेवला की त्या पळी टोपावर आपटायच्या आणि "जा मेले!" म्हणून पाण्याचा तांब्या भिरकावायच्या. मांजरांच्या बाबतीत त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "कुत्रा मानसाचा आनी मांजर घराची. तिला मानसाचा काय पडलेला नाय."

तरी घरात मांजरं चार होती. ती एकाच आईची, एकाच वळचणीखाली एकाच दुधावर वाढलेली. आणि स्वभाव बघाल तर देवाने चार वेगळ्या गावांतून गोळा करून आणलेले.

गण्या हा भगवा, धष्टपुष्ट बोका. त्याला परका माणूस हा प्रकारच ठाऊक नव्हता. पाहुण्याच्या पिशवीत झोपायचा, आणि एकदा सिलिंडरच्या टेम्पोत बसून तीन घरं फिरून आला. काजळीला फक्त पुरुष चालत. आमचं घर मोजायला साहेब आले, सगळं घर चिडीचूप, आईंचा चेहरा दगडासारखा, आणि ही बया सरळ त्या साहेबांच्या मांडीवर जाऊन बसली. साहेब बावरले, फीत हातात तशीच. आई दात ओठ खाऊन म्हणाल्या, "बघा, घरभेदी!" तिसरी राणी. तिला तीन वेळा गोंजारलेलं आवडायचं, चौथ्यांदा हात फिरवला की कडकडून चावायची. दिनेशरावांना हे गणित शेवटपर्यंत जमलं नाही.

आणि चौथी ही बुजरी. राखाडी अंगावर गडद पट्टे, डाव्या कानाला लहानशी खाच. जन्मल्यापासून तीन वर्षं तिने आमच्यापैकी कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. नेहमी दहा हातांवर. तुम्ही एक पाऊल पुढे टाका, ती एक पाऊल मागे. वाढलेलं खायची, पण तुम्ही आत गेल्यावर. मला तिचा राग यायचा. अहो, खाऊ मी घालते, आणि भिते मलाच! मी ते मनाला लावून घेतलं होतं.

त्या शेवटच्या वैशाखात अर्धं गाव सुटलं होतं. लोक स्वतःची घरं स्वतः उसकटत होते. कौलं उतरवायची, दाराच्या चौकटी काढायच्या, खिडक्यांचे गज सोडवायचे, टेम्पोत भरायचं. दिवसभर कौलांवर कौल ठेवल्याचा आवाज. त्या धुळीत, दार नसलेल्या घराच्या खळ्यात आईंनी नेहमीएवढा जवळा वाळत घातला. शेजारणीने विचारलं, "काशे, घराला दार नाय, आनी आगोट भरतेस?"

आई म्हणाल्या, "पोट काय हितं ठेवून जानार हायस तू?"

मी ठरवलं की जायच्या आत बुजरीला माणसाळवायचं. गण्या, काजळी, राणी कशीही टेम्पोत घालता आली असती, हिला पकडणार कोण? पंधरा दिवस हातात होते. मी रोज कामावर जायच्या आधी मूठभर सोडे घेऊन खळ्यात उकिडवी बसायची आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून "ये ये" करायची. पंधरा दिवसांत दहा हातांचे आठ झाले. मला फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, सबंध गावात ओट्याओट्यावर मासळी पसरलेली असताना माझ्या मूठभर सोड्यांचं तिला काय कौतुक! आगोटीत मांजराला सुक्या मासळीचं आमिष दाखवणारी बाई गावात मी एकटीच असेन.

निघायचा दिवस उजाडला. गण्या आपण होऊन टेम्पोत चढला. काजळी ड्रायव्हरच्या मांडीवर. राणीला कोंबड्यांच्या खुराड्यात घातलं, माझ्या मनगटावर चार ओरखडे. बुजरी छप्पर उतरवलेल्या भिंतीच्या माथ्यावर बसून सगळं बघत होती. ऊन मी म्हणत होतं. मी घामाने निथळत होते, मनगट झोंबत होतं, डोक्यात सामानाची यादी. तेवढ्यात आई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाल्या, "आनी ती चवथी?"

मला तेव्हा ते काय होतं ते कळलं नाही. मी म्हटलं, आणि हसत म्हटलं, टोमणा मारल्याच्या समाधानात म्हटलं, "आई, तुम्हीच ना म्हणता, मांजर घराची? मग राहू दे की तिला घरापाशी."

आई वळल्या. सोड्यांचा डबा पोटाशी धरून टेम्पोत चढल्या. वळणापर्यंत भिंतीवरचा तो राखाडी ठिपका दिसत होता.

करंजाड्याला मोबदल्यात मिळालेल्या जागेवर आमचं घर बांधून व्हायचं होतं, म्हणून भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. गण्याने चार दिवसांत तिथली शिस्त लावली. तिसऱ्या इमारतीत एकांकडे रोज मटण शिजतं हे त्याने शोधून काढलं आणि तो तिकडे जो गेला तो गेलाच. कधी जिन्यात भेटला तर मला ओळखही दाखवायचा नाही. पिशवीत झोपणारा, गळ्यात पडणारा आपला गण्या! काजळी आणि राणी मात्र राहिल्या.

आई दुपारी जेवण झालं की छत्री घेऊन बाहेर पडायच्या आणि पाचला परतायच्या. नव्या जागेत ओळखी काढत असतील, असं मी धरून चालले. पण दुसरीच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सोड्यांचा डबा उतरत चालला होता. आम्ही सोडे शिजवले नव्हते. मी राणीवर संशय घेतला, डबा फळीवरून कपाटात हलवला, झाकण आवळून लावलं. डबा उतरतच राहिला. आता आवळलेलं झाकण मांजर फिरवून काढत नाही एवढी अक्कल मला हवी होती, पण मी राणीलाच शिव्या घालत राहिले.

मग एके दिवशी दुकानात आमच्या नाक्यावरचे एक रिक्षावाले चष्म्याचा नंबर काढायला आले. मी त्यांना ओळी वाचायला लावत होते. ते मध्येच म्हणाले, "तुमच्या आजी बऱ्या आहेत ना? काल खूप ऊन होतं हो. त्यांना म्हटलं पण, एवढ्या उन्हात त्या उजाड गावात रोज रोज काय जाता?"

माझ्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही, पण तिचा तो आवाज अजून आठवतो.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच रिक्षाने गेले. गाव ओळखू येईना. जिथून वळायचं ते देऊळ नव्हतं, त्यामुळे आम्ही दोनदा चुकलो. घरं सपाट झाली होती, चिंच तेवढी उभी होती. पलीकडून डंपर मातीचा भराव टाकत टाकत सरकत येत होते. चिंचेवरून अंदाज घेत मी चालले आणि आमचं जोतं सापडलं. भिंती नव्हत्या, पण स्वयंपाकघराची लाल लादी तशीच होती. त्या लादीवर, जिथे चूल होती बरोबर तिथे, छत्री उघडून आई बसल्या होत्या. पाठ माझ्याकडे. आणि त्यांच्या मांडीवर बुजरी होती.

नुसती बसलेली नव्हती. उताणी झोपलेली होती. चारी पाय हवेत, पांढरं पोट उघडं, आणि तिला पांढरं पोट आहे हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. आईंचा हात त्या पोटावरून फिरत होता. तांब्या भिरकावणारा हात तो!

आई तिच्याशी बोलत होत्या. तो आवाजही मी कधी ऐकलेला नव्हता. "हिरू, चल ना गो माझ्यासंगं. भितेस कशाला? कुनी नाय मारीत. चार दिस नवा वाटल, रडू येल. मंग व्हतं आपला. सगल्यांचा व्हतं."

माझ्या चपलेखाली कौलाचा तुकडा वाजला. बुजरीने मान वळवून मला पाहिलं आणि ती क्षणात नाहीशी झाली. आई चोरी पकडल्यासारख्या गडबडून उठल्या. लुगडं झटकलं, चेहरा नेहमीसारखा कडक केला. "तू कशाला आलीस? दुकान नाय तुला?"

"आई, हे कधीपासून?"

"कवापासून म्हंजे? तुमी सगली भाईर जाता. दुपारचा येते ती. झोपते जरा. तुझा काय खातेय ती?"

म्हणजे तीन वर्षं. आम्ही कामाला, पोरं शाळेत, आणि रोज दुपारी हे. संध्याकाळी आम्ही परतलो की पुन्हा पळी, तांब्या, "जा मेले!"

"मग त्या दिवशी टेम्पोत चढताना बोलला का नाहीत?"

"तूच बोल्लीस ना, घराची हाय म्हनून."

"अहो, ते तर तुमचंच वाक्य!"

"माझाच हाय," आई म्हणाल्या. "म्हनून तं गप रायले."

मला तिथेच त्या लादीवर बसावंसं वाटलं. एक टोमणा मारला होता मी. घराघरांत असे दिवसाला दहा मारले जातात आणि संध्याकाळपर्यंत विरतात. हा मात्र गेले वीस दिवस एका म्हातारीला भर उन्हात रिक्षाने इथे आणत होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. बोलायचं ना माणसाने! पण ज्या बाईला आपला मऊपणा घरच्या माणसांपासूनच लपवावा लागतो, ती कशी बोलणार?

अडचण अशी होती की बुजरी मांडीवर यायची, पण आई उठू लागल्या की उडी मारून पळायची. टोपली बघितली की पळायची. तिला घेऊन उठायचं तर आईंच्या गुडघ्यांना कुणाचा तरी हात हवा होता, आणि दुसरं माणूस असलं की ती येतच नव्हती. डंपर रोज जवळ येत होते. आठ-दहा दिवस, फार तर.

मी अर्ध्या दिवसांच्या रजा टाकत सुटले. पहिल्या दिवशी सवयीने सोड्यांची मूठ पुढे करून "ये ये" करायला लागले. आईंनी माझा हात खाली दाबला.

"तिच्याकडं बघू नको. बघायचा काम दुकानात कर. हितं पाठ कर आनी गप बस."

"पाठ करून ती कशी येईल?"

"तुला बोलवाया येतं, थांबाया नाय येत," आई म्हणाल्या. "ती आपली येल. नायतर नाय येल. पन बघितलास तं नायच येल."

सबंध आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते. लादी भाजत होती, खाली पोतं घेऊन बसायची. समोर नुसता उजाड माळ आणि धुळीत डंपर. पाठीमागे आई पुटपुटत असायच्या, ते कधी मांजराशी, कधी आपल्याशीच. असं पाठ करून बसल्यावर त्या माझ्याशीही बोलू लागल्या. तोंडासमोर कधी बोलल्या नव्हत्या ते. लग्न होऊन नवी आलेली असताना पहिलं वर्ष त्या चुलीमागेच बसून जेवायच्या, ओटीवर माणसं असली की त्यांना घास गिळायचा नाही. सासू हाक मारायची ती आपल्याला आहे हेच त्यांना आधी कळायचं नाही. मी म्हटलं, "घाबरत होता?" त्या म्हणाल्या, "बुजलेले व्हते. कुनी इचारला व्हता का येतेस म्हनून? गाडीत बसवला आनी आनला." मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या काळच्या बायका असंच बोलतात, असं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी आईंच्या मांडीवर घुर्रघुर्र सुरू झालं. म्हणजे मी असताना ती आली होती. सहाव्या दिवशी माझ्या पाठीवरच्या वेणीला काहीतरी ओलसर लागलं. वास घेत होती. मी श्वास कोंडून धरला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, मांजराने वेणी हुंगली म्हणून! आणि आठव्या दिवशी, डंपर चिंचेपाशी येऊन ठेपलेला असताना, तिने आपली पाठ माझ्या पाठीला टेकली आणि ती झोपली. ऊबदार, हलकी, श्वासागणिक हलणारी.

"आता," आई म्हणाल्या.

टोपलीला त्यांनी हात लावला नाही. लुगड्याचा ओचा सोडून त्याची खोळ केली, झोपलेलं मांजर त्यात घेतलं, आणि मी त्यांना दंडाला धरून उठवलं. ओटीत नारळ घ्यावा तसं त्यांनी तिला पोटाशी धरलं होतं. बुजरी जागी झाली आणि तिने नखं काढली. रिक्षात बसेपर्यंत लुगडं फाटलं, आईंच्या पोटावर रक्त आलं. करंजाडे येईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "नाय गो हिरू, नाय. आपलंच घर हाय."

हिरू हे नाव त्यांनी तिला का दिलं, मी विचारलं नाही. गावात गाईंना, शेळ्यांना, मांजरांना असली नावं असायचीच. मी आपली बुजरीच म्हणत राहिले.

पहिला दीड महिना ती कपाटावर होती. मग नवं घर झालं आणि ती नव्या कपाटावर गेली. आज इतकी वर्षं झाली, तिचा स्वभाव काही पालटलेला नाही. पाण्याचे कॅन घेऊन माणूस आला की कपाटावर. पाहुणे आले की कपाटावर. दिनेशरावांना ती दिवाळीत एकदा दिसते. फक्त आईंच्या मांडीवर ती उताणी झोपते, आता दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. आणि मला मिळते ती पाठ. मी जवळा निवडत बसले की मागून येऊन टेकते. वळून बघितलं की जाते. आमचा एवढाच करार आहे, आणि तो मला पुरतो. बोलक्या, गळेपडू गण्याने घर बदललं ते मटणासाठी. आणि जिला आम्ही तुटक समजलो ती पडलेल्या घरात महिनाभर एका माणसाची वाट बघत बसली. आईंचं ठरलेलं वाक्य बुजरीने असं खोटं पाडलं. आई ते वाक्य आता म्हणत नाहीत.

तर परवा.

आईंची मोठी बहीण गव्हाणला असते. आक्का. वय ऐंशीच्या पुढे. आजवर आईच गव्हाणला जायच्या, एकट्या. त्यांचं माहेर, मी कशाला मध्ये जाऊ, म्हणून मी कधी गेले नाही. लग्नकार्यात आक्का भेटायच्या, चार माणसांत आईंना "बाय" म्हणायच्या, तेवढंच. परवा मात्र नातवाच्या गाडीत बसून बोंबलांची जुडी घेऊन त्या आपण होऊन आल्या. म्हणाल्या, यंदाची आगोट मीच नेऊन देते, पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलंय? जिना चढवेना म्हणून खालीच खुर्चीवर बसल्या आणि वर तोंड करून त्यांनी खणखणीत हाक मारली.

"हिरूऽ! ए हिरूऽ! खाली ये गो!"

मी स्वयंपाकघरात होते. कपाटावरून धप्पकन आवाज झाला आणि बुजरी, पाहुण्याच्या चपलेच्या आवाजाने दडणारी आमची बुजरी, शेपूट उभी करून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मला हसू आलं. आक्कांना मांजराचं नाव कसं ठाऊक?

तेवढ्यात मोरीतून आई बाहेर आल्या. हात ओले, पदर खोचलेला, वय चौऱ्याहत्तर, आणि अक्षरशः धावत. "आले गो आक्का, आले!"

मांजराच्या शेजारून त्या जिना उतरून गेल्या. मी तिथेच उभी. हातातली पळी हातात.

खाली जाऊन मी आक्कांना पाणी दिलं आणि हिरू कोण, ते विचारलं. आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला ठावं नाय? लग्नात नाव बदलला ना तिचा. काशी केली. आमची ती हिरूच." मग आईंकडे वळून म्हणाल्या, "सुनेला सांगितला नाय व्हय गो?"

"कुनी इचारला तं सांगनार ना," आई म्हणाल्या. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

बावीस वर्षं. एका ताटलीतली भाकरी मोडली, त्यांची दुखणी काढली, रेशनकार्डावर, बँकेत, दवाखान्यात माझ्या हाताने त्यांचं नाव लिहिलं, आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्या नावाने हाक मारणारं या घरात कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते सांभाळायला एका मांजराला दिलं होतं. रोज दुपारी, आम्ही कुणी नसताना, त्या ते एकदा मोठ्याने उच्चारत होत्या. भितेस कशाला. कुनी नाय मारीत. मंग व्हतं आपला.

जवळ्याची परात घेऊन मी पायरीवर बसले होते. आई आक्कांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोकं आक्कांच्या मांडीवर टेकवलं आणि डोळे मिटले. आक्कांचा सुरकुतलेला हात त्यांच्या पांढऱ्या केसांतून, कानामागून फिरू लागला. मी आईंना असं कधी बघितलेलं नव्हतं. बघत राहावंसं फार वाटलं.

मी परात उचलली, त्यांच्याकडे पाठ केली आणि जवळा निवडत बसले.